इंग्रजी शब्दसंपत्ती : पाठांतराने नव्हे, वापराने वाढते

करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला निघाले, तेव्हा ते अवघ्या वीस वर्षांचे होते. या प्रवासात त्यांनी रोजनिशी लिहिली, आणि ती इंग्रजीत लिहिली. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मराठी मातृभाषा असलेल्या एका कोल्हापूरकर तरुणाने, शिकून मिळवलेल्या इंग्रजीत, दिवसभरात पाहिलेले आणि अनुभवलेले टिपून ठेवण्याचा केलेला हा प्रयत्न आहे. इतिहासाचे साधन म्हणून तिचे महत्त्व आहेच. पण परकी भाषा शिकणाऱ्यांच्या दृष्टीनेही तिच्यात एक धडा दडलेला आहे. शब्द वहीत साठवून आपले होत नाहीत, ते वापरावे लागतात.

दीडशेहून अधिक वर्षांनंतरही हा धडा तितकाच लागू आहे. राज्यातील मराठी शाळांत २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकवला जातो. त्यापूर्वी तो पाचवीपासून होता. तरीही राधानगरी, गगनबावडा, चंदगड अशा तालुक्यांतून मराठी माध्यमात दहावी होऊन कोल्हापूर शहरात अकरावी विज्ञानाला येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना पहिल्या काही महिन्यांत एकाच भिंतीचा अनुभव येतो. घनता, त्वरण, अपवर्तन या संकल्पना त्यांना ठाऊक असतात. त्यांची इंग्रजी नावेही काही आठवड्यांत अंगवळणी पडतात. अडचण होते ती 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'ऑब्टेन', 'हेन्स', 'व्हेअरॲज' अशा शब्दांची. हे शब्द कोणत्याच विषयाचे नसतात, त्यामुळे ते कोणीच शिकवत नाही. आणि सर्वच विषयांत येतात, त्यामुळे त्यांच्यावाचून काहीच उमगत नाही. गणित किंवा भौतिकशास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असा समज करून घेऊन मागे पडणारा विद्यार्थी पुष्कळदा शे-दोनशे शब्दांसाठी मागे पडलेला असतो.

नेमके किती शब्द हवेत?

इंग्रजीच्या मोठ्या कोशांत लाखो शब्द आहेत. ते पाहून शिकणाऱ्याची छाती दडपते. मात्र भाषेत सर्व शब्द सारख्या प्रमाणात वापरले जात नाहीत. ही बाब शिक्षणात आणण्याचे मोठे काम ज्यांनी केले, त्या मायकेल वेस्ट यांचा अनुभव भारतीय भूमीवरचाच होता. ते अविभाजित बंगालमध्ये, ढाक्यात, शिक्षणखात्यात होते. तेथील मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत अनोळखी शब्दांची गर्दी असते आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटतही नाही, हे त्यांनी हेरले. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २,००० सर्वाधिक उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग या शब्दांनी आणि त्यांच्या रूपांनी व्यापलेला असतो. या यादीची सुधारित आवृत्ती म्हणता येईल अशी सुमारे २,८०० शब्दांची नवी यादी २०१३ मध्ये तयार झाली.

विज्ञान-वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना वर उल्लेखलेले 'कोणत्याच विषयाचे नसलेले' शब्द ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दांच्या यादीत सापडतात. तीत ५७० शब्दकुटुंबे आहेत आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतील मजकुरात त्यांचा वाटा सुमारे १० टक्के भरतो. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे. 'ॲनलाइझ', 'ॲनॅलिसिस', 'ॲनालिटिकल' हे एकच कुटुंब होय.

दैनिक किंवा कादंबरी कोशाच्या मदतीशिवाय वाचण्यासाठी ८ ते ९ हजार शब्दकुटुंबे लागतात, असा अंदाज न्यूझीलंडचे भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. बोललेले समजण्यासाठी ६ ते ७ हजार पुरतात. हे आकडे मोठे वाटले, तरी ते बरीच वर्षे चालणाऱ्या वाचनाचे आहेत. पहिले २-३ हजार शब्द पक्के करणे आणि त्यांवर ५७० शैक्षणिक शब्दकुटुंबांची भर घालणे, हे मात्र दोन-तीन वर्षांत साधण्यासारखे उद्दिष्ट आहे. बाजारातील 'अवघड शब्दां'ची पुस्तके नेमका उलटा क्रम सुचवतात. वर्षातून एकदा भेटणारा भारदस्त शब्द पाठ करण्यापूर्वी रोज दहा वेळा भेटणाऱ्या 'गेट', 'टेक', 'कीप', 'टर्न' यांची निरनिराळी कामे समजून घेणे अधिक फायद्याचे ठरते.

कोल्हापूरची परंपरा

इंग्रजी आत्मसात करण्याची कोल्हापूरची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० मधील. राजाराम महाविद्यालयाचा आरंभ १८८० मधील. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले. राजाराम महाविद्यालयात काही काळ शिकून ते पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवीधर झाले. केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर त्यांनी केलेली इंग्रजी भाषणे विरोधकांनाही दाद द्यायला लावणारी ठरली. ज्येष्ठ कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक यांनीही राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले होते. पुढे ते हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेचे संचालक झाले. इंग्रजी कसे शिकवावे याचा देशपातळीवर विचार करणारी ही संस्था होती.

गोखल्यांच्या स्मरणशक्तीचे आणि पाठांतराचे दाखले त्यांच्या चरित्रांत मिळतात. त्यावरून पाठांतर निरुपयोगी असते, असे कोणी म्हणणार नाही. पण पाठ केलेला सलग उतारा आणि पाठ केलेली सुट्या शब्दांची यादी यांत फरक आहे. उताऱ्यात प्रत्येक शब्द आपल्या सोबत्यांसह येतो. यादीत तो एकटा पडतो. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' या पुस्तकांवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. त्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. पण शब्द द्यायचा आणि लगेच त्याची वाक्ये करून घ्यायची, हे तिचे बलस्थान होते.

घरातच असलेली शिदोरी

मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजीकडे रिकाम्या हाताने जात नाही. टेबल, पेन, स्टेशन, डॉक्टर, पेपर, कंडक्टर, ऑपरेशन, बजेट असे शेकडो शब्द तो शाळेत जाण्यापूर्वीपासून वापरत असतो. देवाणघेवाण दुसऱ्या दिशेनेही झाली आहे. इंग्रजीतील 'मंगूज' हा शब्द मराठी 'मुंगूस'वरून गेला आणि मुंबईची 'चाळ' इंग्रजी कोशांत स्थिरावली.

ओळखीच्या शब्दांचा एक धोकाही आहे. मराठीत आल्यावर त्यांतील काहींनी अर्थ बदलले आहेत. मिसळ खायला आपण 'हॉटेला'त जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे प्रामुख्याने मुक्कामाची जागा, खाण्याचे ठिकाण म्हणजे 'रेस्टॉरंट'. आपण मिसळ 'पार्सल' घेतो; इंग्रजीत पार्सल टपालाने किंवा कुरिअरने येते, घरी न्यायचे खाणे म्हणजे 'टेकअवे'. महाविद्यालयाचे 'गॅदरिंग' म्हणजे आपल्याकडे वार्षिक स्नेहसंमेलन. इंग्रजीत चार माणसे जमली तरी ते गॅदरिंग होते. 'पासआउट झालो' असे परदेशी अधिकाऱ्यासमोर मुलाखतीत सांगितले, तर उमेदवार शुद्ध हरपून पडला होता असा अर्थ निघू शकतो. तेथे 'ग्रॅज्युएटेड' हा शब्द योग्य. अशा शब्दांची वेगळी यादी करून ठेवणे हा शब्दसंपत्ती वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय, कारण त्यातला अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो.

शब्द एकटा नसतो

शब्दाला मराठी प्रतिशब्द लिहिला की तो आला, ही समजूत बहुतेक चुकांचे मूळ आहे. 'कडक' हा कोल्हापूरकरांच्या तोंडचा शब्द घेतला, तरी हे ध्यानात येते. कडक चहा 'स्ट्राँग' असतो, कडक शिस्त 'स्ट्रिक्ट' असते, कडक लाडू 'हार्ड' असतो आणि कडक ऊन 'स्कॉर्चिंग' असते. मराठीचा एक शब्द इंग्रजीत चार ठिकाणी चार रूपे घेतो. याच्या उलटही घडते. पाऊस 'हेवी' असतो, गाठोडे 'हेवी' असते आणि रस्त्यावरची वर्दळही 'हेवी' असते.

क्रियापदांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो'. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि 'गिव्ह' करतो तो शिक्षक. मराठीत फोटो 'काढतात', दिवा 'बंद करतात', स्वप्न 'पडते'. इंग्रजीत अनुक्रमे 'टेक', 'स्विच ऑफ' आणि 'हॅव' ही क्रियापदे येतात. म्हणून वहीत 'एक्झाम म्हणजे परीक्षा' अशी नोंद करण्याऐवजी 'टेक ॲन एक्झाम म्हणजे परीक्षा देणे' अशी जोडीनेच नोंद करावी. एका नोंदीत शब्दही मिळतो आणि त्याचा वापरही.

उपसर्गांची किल्ली

'हृ' या संस्कृत धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात, हे मराठी शाळेतील मुलांना व्याकरणात शिकवले जाते. हीच किल्ली इंग्रजीला लागते. वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन मूळापासून आलेल्या 'पोर्ट'ला निरनिराळे उपसर्ग लागून 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्स्पोर्ट', 'सपोर्ट', 'रिपोर्ट' हे शब्द बनले आहेत. आत आणणे, बाहेर नेणे, पलीकडे पोहोचवणे, खालून आधार देणे, परत आणून सांगणे असा प्रत्येकाचा मूळ अर्थ उपसर्गावरून उलगडतो. 'अन', 'री', 'प्री', 'मिस', 'सब', 'इंटर' असे वीसेक उपसर्ग आणि 'मेंट', 'नेस', 'ॲबल', 'लेस' असे तितकेच प्रत्यय परिचयाचे झाले, की अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येऊ लागतो.

संस्कृत आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या शाखा असाव्यात, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडले होते. दंत आणि 'डेंटल', नाम आणि 'नेम', पाद आणि 'पेडल' या जोड्यांत तो आप्तसंबंध आजही दिसतो.

विस्मरण हा दोष नव्हे

काल पाठ केलेले वीस शब्द आज आठवत नाहीत, ही तक्रार सार्वत्रिक आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजला. अर्थहीन अक्षरगटांचे पाठांतर पहिल्याच दिवसात मोठ्या प्रमाणावर विरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. ठरावीक अंतराने केलेली उजळणी ही घसरण थोपवते.

उजळणी कशी करावी, याचे उत्तर २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कार्पिक आणि रोडिगर यांच्या प्रयोगाने दिले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकवण्यात आले. शब्द एकदा आठवल्यानंतरही ज्यांनी तो मनाशी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी आठवून पाहणे थांबवले आणि केवळ वाचन सुरू ठेवले, त्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास राहिले. यादी वाचत बसण्यापेक्षा अर्थ झाकून शब्द आठवणे श्रेयस्कर, हे यातून स्पष्ट होते.

यासाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली कप्प्यांची पेटी सोयीची आहे. पोस्टकार्डाचे चार तुकडे करून प्रत्येकाच्या एका बाजूस इंग्रजी वाक्य, तर दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ लिहावा. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पाच कप्पे करावेत. नवा तुकडा पहिल्या कप्प्यात जातो. अर्थ आठवला की तो पुढच्या कप्प्यात सरकतो, चुकला की पुन्हा पहिल्यात येतो. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने आणि पाचवा पंधरवड्याने तपासावा. मोबाइलवरील अनेक ॲप याच तत्त्वावर चालतात. खोक्याला मात्र इंटरनेट लागत नाही.

पंचगंगेची बातमी दोनदा

शब्द पुन्हा पुन्हा भेटण्याचा राजमार्ग म्हणजे वाचन. त्यासाठी सुरुवातीस जाडजूड कादंबरीची गरज नाही. ओळखीचा विषय निवडला, की अर्धी वाट सरते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी कोल्हापुरातील शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चा महापूर शहर विसरलेले नाही. ही बातमी आधी मराठीत वाचून मग इंग्रजी दैनिकात वाचली, तर 'वॉर्निंग लेव्हल', 'डेंजर लेव्हल', 'बॅराज', 'सबमर्ज्ड', 'रिसीड' हे शब्द कोश न उघडता उलगडतात. धरणातून होणारा विसर्ग म्हणजे 'डिस्चार्ज', हेही कळते. दवाखान्यातून रुग्णाला मिळतो तो 'डिस्चार्ज'ही हाच शब्द, हे ध्यानात आले की सोडणे हा त्याचा मूळ अर्थ कायमचा लक्षात राहतो. 'स्थलांतर' या मराठी शब्दाला इंग्रजीत दोन शब्द आहेत, तेही येथेच समजते. पुरातून माणसांना सुरक्षित स्थळी हलवणे म्हणजे 'इव्हॅक्युएशन' आणि पोटासाठी पुण्या-मुंबईला जाणे म्हणजे 'मायग्रेशन'.

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन सोहळ्यात 'प्राडा' या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे सादर केली आणि जगभरच्या वृत्तपत्रांत त्यावर चर्चा झाली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या बातम्यांत 'आर्टिसन', 'हेरिटेज', 'ॲक्नॉलेज', 'ॲप्रोप्रिएशन' हे शब्द वारंवार आले. आपल्या गावाची बाजू जगासमोर मांडायची, तर हे शब्द आपल्यापाशी हवेत. इंग्रजी शब्दसंपत्तीचा प्रश्न केवळ गुणांपुरता किंवा नोकरीपुरता नाही, तो असा.

कोश कोणता आणि कसा

इंग्रजी–मराठी कोशरचनेची परंपरा समृद्ध आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये, तर इंग्रजी–मराठी कोश कँडी यांच्या हातून १८४७ मध्ये पूर्ण झाला. मोल्सवर्थचा कोश आज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. मात्र नवशिक्याने द्विभाषिक कोशावर थांबू नये. अर्थ मराठीतून समजला, की खास शिकणाऱ्यांसाठी रचलेला इंग्रजी–इंग्रजी कोश उघडावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये अध्यापन करताना रचलेला असा कोश ऑक्सफर्डने १९४८ मध्ये आणला. १९८७ च्या 'कोबिल्ड' कोशाने अर्थही पूर्ण वाक्यात देण्याची पद्धत रूढ केली. या कोशांत अर्थापेक्षा उदाहरणाचे वाक्य महत्त्वाचे मानावे. उच्चार ऐकण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. देवनागरीत लिहून घेतलेल्या उच्चारात आघात हरवतो. 'फोटोग्राफ'मध्ये आघात आरंभी असतो, तर 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्या अवयवावर सरकतो. तो चुकला, की माहीत असलेला शब्दही ऐकताना ओळखू येत नाही.

रोजचा अर्धा तास

वरील सर्व बाबींचा मेळ घालून पुढील दिनक्रम आखता येईल :

* दहा मिनिटे वाचन. मराठीत वाचलेलीच एक बातमी इंग्रजीत वाचावी. अडलेल्या शब्दांपैकी पाचच निवडावेत.
* पाच मिनिटे नोंद. शब्द नव्हे, तर तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि त्याची जोडी लिहावी.
* पाच मिनिटे उजळणी. अर्थ झाकून पेटीतील तुकडे तपासावेत.
* दहा मिनिटे लेखन. दिवसभरातील घडामोडींवर पाच-सहा साधी वाक्ये लिहावीत. त्यांत आठवड्यातील किमान तीन नवे शब्द यावेत.

रोज पाच म्हणजे वर्षाला सुमारे १,८०० शब्द होतात. त्यांतील निम्मे टिकले, तरी दोन-तीन वर्षांत पहिला महत्त्वाचा टप्पा नजरेत येतो. अकरावीत अडखळलेल्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत पोहोचण्यास एवढी मुदत पुरेशी आहे.

राहता राहिला संकोच. चुकलेले इंग्रजी ऐकून हसणारे सर्वत्र भेटतात, आणि त्यांच्या भीतीने अनेकांचे शब्द ओठांवर येण्यापूर्वीच विरतात. रोजनिशीला असा श्रोता नसतो. तेथे चूक करण्याची मुभा असते आणि दुसऱ्या दिवशी ती सुधारण्याचीही. वीस वर्षांच्या राजाराम महाराजांनी परक्या मुलखात, परक्या भाषेत आपला दिवस लिहून काढला. कोल्हापुरातील आजच्या विद्यार्थ्याला त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. एक वही, एक पेन आणि रात्रीची दहा मिनिटे पुरेशी आहेत.